पुढच्या अर्जदाराची काळजी

"अभ्यासाचा खर्च ठरलेला असतो. त्यावर एक पैसुद्धा जास्त लागली, तर माझी खुर्ची धाकट्या जावयाला द्या," असं थोरल्या जावयाने सासऱ्यांना छाती ठोकून सांगितलं. माणसाने छाती खुशाल ठोकावी, पण त्यात खुर्ची मध्ये आणू नये.

सासऱ्यांचं शीतगृह होतं आणि थोरला जावई तिथला व्यवस्थापक होता. मागच्या मोकळ्या जागेत सौर पॅनेल लावून तयार होणारी वीज कंपनीच्या तारांवर सोडायची, असं ठरलं होतं. पण कंपनी अशी वीज लगेच घेत नाही. रस्त्यावरच्या तारांना, ट्रान्सफॉर्मरला ती झेपेल का, याचा आधी अभ्यास करते.

"अभ्यास त्यांनी करायचा आणि फी आपण भरायची?" सासऱ्यांना हेच मुळात पचत नव्हतं. त्यांनी अंदाजपत्रकातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'अचानक उद्भवणारा खर्च' असं लिहून पुढे एक गोल गरगरीत शून्य काढलेलं होतं. "इथे काहीच नाही?"

"गरजच नाही, मामा."

सासऱ्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यांच्या खिशात गेलेली गोष्ट ते कधी विसरत नसत, हे साऱ्या घराला माहीत होतं.

पैसे भरून आठवडा झाल्यावर जावयाने सही केलेला करार पहिल्यांदा वाचला. अकराव्या पानावर अगदी तळाशी लिहिलं होतं : 'पुढील कारणांमुळे अभ्यास पुन्हा करावा लागल्यास त्याचा खर्च अर्जदाराने भरावा. एक, रांगेतल्या आधीच्या अर्जदाराने अर्ज मागे घेणे.' कारण दुसरं पुढच्या पानावर होतं, पण पान उलटण्याइतकं बळ त्याच्या बोटांत उरलं नव्हतं. त्याने घाबरून कंपनीतल्या इंजिनियर बाईंना फोन लावला.

"आधीच्याची किती वीज येणार हे धरूनच तुमचं गणित मांडतो आम्ही," बाई म्हणाल्या. "तो गेला की गणित पहिल्यापासून."

"आणि तो आहे कोण?"

"ते सांगता येत नाही."

सांगायची गरजही नव्हती. शीतगृहाच्याच रस्त्यावर कोंबड्यांच्या शेडवर 'येथे लवकरच सौर प्रकल्प' अशी हातभर पाटी होती. जावई धापा टाकत तिथे पोहोचला. शेडचे मालक, म्हणजे कोंबडीवाले काका, बाजेवर गुडघे चोळत बसले होते.

"छे हो, कसला प्रकल्प," काका म्हणाले. "गुडघे साथ देत नाहीत. सोमवारी जाऊन अर्ज मागे घेतो."

धाकटा जावई आपल्या खुर्चीत बसून खाली-वर करून बघतोय, असं दृश्य थोरल्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला तो गाडी घेऊन काकांच्या दारात हजर झाला आणि त्यांना कंपनीऐवजी थेट हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

त्या दिवसापासून त्याने सख्ख्या बापाची केली नव्हती एवढी काकांची सेवा केली. मलम आणलं, गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या, पायऱ्या उतरताना हात धरला. काका खोकले की याला घाम फुटायचा. रिकाम्या हाती परतणं बरं दिसेना, म्हणून रोज तीस अंड्यांचा ट्रेही घ्यायचा.

"घरात माणसं तीन आणि अंडी एकशे ऐंशी," बायको सहाव्या दिवशी म्हणाली. "काय भानगड आहे, खरं सांगा."

त्याने सगळं सांगून टाकलं.

"मग बाबांनाही सांगा. ओरडतील आणि संपेल."

"ते ओरडत नाहीत गं, तीच तर भीती आहे. नुसते खिशाला हात लावतात."

दुसऱ्या दिवशी काकांचे गुडघे बरे होते, पण मन पुन्हा डळमळत होतं. आता मात्र जावयाला रडू फुटायचं बाकी होतं. भीतीने त्याच्या जिभेवर सरस्वती नाचायला लागली.

"काका, एवढं मोठं छप्पर, एवढं ऊन आणि तुम्ही माघार घेणार? मी तुमच्या जागी असतो ना, तर दुप्पट केला असता प्रकल्प."

काकांनी छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "नाही घेत माघार. दिला शब्द."

त्या रात्री जावई करार वाचल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपला.

पुढच्या आठवड्यात तो शीतगृहात आपल्या खुर्चीत सासऱ्यांसमोर बसलेला असताना इंजिनियर बाईंचा फोन आला. सासऱ्यांनी खूण करून आवाज मोठा करायला लावला.

"तुमच्या आधीच्या अर्जदाराबद्दल बोलायचं होतं," बाई म्हणाल्या.

"मागे घेतला का हो अर्ज?" जावयाचा आवाज चिरकला.

"नाही नाही. उलट वाढवलाय. थेट दुप्पट. त्यामुळे तुमचा अभ्यास पुन्हा करावा लागेल. खर्चाचं पत्र पाठवतेय. पान बारा बघा, कारण दुसरं."

फोन बंद झाला. सासरे काही बोलायच्या आत दार उघडलं आणि ताडताड पावलं टाकत कोंबडीवाले काका आत आले. त्यांनी अंड्यांचा ट्रे टेबलावर ठेवला.

"काय जावई शोधलाय तुम्ही, शेठ," काका सासऱ्यांना म्हणाले. "माझ्या मनात अर्ज मागे घ्यायचं होतं. यांनीच सांगितलं, दुप्पट करा. केलं बघा!"

काका निघून गेले. सासऱ्यांनी खिशातून ती घडी काढली, टेबलावर उलगडली आणि गोल गरगरीत शून्याकडे बघत राहिले. ते ओरडले नाहीत. मग त्यांची नजर ट्रेकडे वळली.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या साडूंना अंडी चालतात का?"

"रोज दोन खातो," थोरला जावई म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.