दगाआबांचा विहिरीतला कंदील

आमचे शेजारी दगाआबा पाणी थाळीत ओतून प्यायचे. तांब्याला खोली असते आणि खोलीचा भरवसा नसतो, असं त्यांचं म्हणणं. थाळीचा तळ दिसतो. मिशा भिजायच्या, सदरा भिजायचा, त्यांच्या पत्नी अक्का जमीन पुसता पुसता कपाळावर हात मारून घ्यायच्या. पण आबांनी तांब्याला तोंड लावलं नाही.

धुळ्याजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी विहिरीवर त्यांनी माझा दंड धरला. "खाले देखू नको, मास्तर. तठे डोया शेतस." पाण्यात डोळे आहेत म्हणे!

पहिल्या लढाईत आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ झिपरू खेचरं सांभाळायला बसऱ्याच्या बोटीवर चढले होते. भर समुद्रात एका खलाशाने खोल सोडलेलं जाळं ओढलं. त्यात माकूळ निघाले. "अंगठाएवढं जनावर, मास्तर. काचनं अंग, दहा हात, नि डोया बैलना. पोटले बठ्ठा दिवाच दिवा."

"मग रॉकेल कोण घालतं?" पारावर कोणीतरी विचारायचंच. मीही हसायचो. पण तेव्हापासून पाणी शेंदताना माझी नजर आभाळाकडे असे, हेही खरं.

रोज दिवेलागणीला आबा आपल्या विहिरीत पेटता कंदील सोडत. तोंड फिरवून. दुसऱ्या लढाईत रॉकेल मिळेना, तेव्हा घर अंधारात राहिलं, पण विहिरीत कंदील होताच. त्या जनावरांना धाक म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो.

एकदा आबा तापाने पडले. मला बोलावून म्हणाले, "आज दिवा तू सोड."

मी डोळे मिटून कंदील सोडला, दोर बांधला आणि पळत परत आलो. म्हटलं, "भिऊ नका आबा, ती जनावरं वर येत नाहीत."

"वर येवानं भ्याव नही, मास्तर." आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "झिपरू बोटवरच गया. तापमां. किंतानमां शिवीसन, लोखंड बांधीसन समुद्रमां सोडं त्याले. दुसरे दिन ते जाळं वर उनं."

मी त्यांच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं.

"त्याले अंधारनं भ्याव वाटे. मना हात धरीसन झोपे. त्या जनावरे त्याले खातस का दिवा दाखाडतस, माले ठाऊक नही. खालनं पानी बठ्ठं एकच. म्हनीसन आपला एक दिवा." मग त्यांनी विचारलं, "तू खाले देखं का?"

मी पुन्हा बाहेर गेलो. विहिरीचा काठ धरून, त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा खाली वाकलो. काळ्या पाण्यावर कंदील हलत होता, आणि त्याच्या शेजारी माझं घाबरलेलं तोंड.

आत येऊन मी म्हणालो, "देखलं, आबा. खाली उजेड आहे."

आबांनी डोळे मिटले आणि माझा हात धरून झोपले.