बोकडाच्या खाली सरपंच

ऑर्कुटवर शिबिराचं खातं उघडायचं असं सोमेश्वर सरांनी ठरवलं, तेव्हा ते चालवायला प्रज्ञेशची निवड बिनविरोध झाली. कळमनुरीच्या त्या कॉलेजात २००७ साली स्वतःचा ई-मेल असलेला तो एकटाच विद्यार्थी होता. राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर डोंगरकड्याजवळच्या एका वाडीवर होतं आणि ओढ्यावर दगडी बंधारा बांधायचा होता. दिवसभर कॉलेजचा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायचं आणि संध्याकाळी जीपने कळमनुरीला जाऊन नेट कॅफेतून फोटो चढवायचे, हे प्रज्ञेशचं काम. बाकीची पोरं दगड वाहत असल्यामुळे त्याला ते फारच आवडलं. शिवाय शिबिर पार पडलं की विद्यापीठाचे दहा गुण मिळणार होते, आणि इंग्रजीत त्याची अवस्था अशी होती, की ते दहा मिळाले नाहीत तर वर्ष गेलंच म्हणून समजा.

उद्घाटनाला मानकऱ्यांचे सत्कार झाले. सत्काराचा क्रम चुकवण्यापेक्षा सत्कारच चुकवलेला बरा, हे सर जाणून होते. पहिला नारळ सरपंच ग्यानबा पाटलांना, दुसरा उपसरपंच भीमसिंग नाईकांना, मग बाकीच्यांना. शेवटी खाली पडलेला हार खाणाऱ्या बोकडाचाही प्रज्ञेशने हौसेने एक फोटो काढला. संध्याकाळी सगळे फोटो त्याच क्रमाने चढवून तो निवांत झोपला.

सकाळी दगडांचा ट्रॅक्टर आला नाही. ट्रॅक्टर सरपंचांचा होता.

"जा, विचारून ये," सर म्हणाले. "बंधारा राहिला तर शिबिर अर्धवट, आणि अर्धवट शिबिराचे गुण कुणालाच नाहीत."

प्रज्ञेश धावतच गेला. पाटील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"पुण्यावून पुतण्याचा फोन आला व्हता," ते वर न बघता म्हणाले. "म्हणला, काका, शिबिराचे फोटू पाह्यले. सगळ्यात वर बोकड हाय, तुमी सगळ्यात खाली. भीमसिंग बी तुमच्या वर."

"पाटील, ऑर्कुटमधी जे शेवटी चढतंय ते वर दिसतंय. तुमचा मान पहिला, म्हणून तर तुमी खाली गेले."

"मान पहिला म्हणून खाली? कोन्या देशातला कायदा हाय हा?"

"अमेरिकेतला."

"मंग ट्रॅक्टर बी तिथूनच मागीव."

त्या संध्याकाळी लाईट येईपर्यंत कॅफेच्या पायरीवर ताटकळून प्रज्ञेशने सगळे फोटो काढून टाकले आणि उलट क्रमाने पुन्हा चढवले. बोकडाला रजा दिली. सकाळी ट्रॅक्टर आला, पण शिबिराच्या टाकीत पाणी नव्हतं. पाणी भीमसिंगच्या विहिरीवरून यायचं आणि मोटार बंद होती. भीमसिंगचा मुलगा फुलसिंग नांदेडला शिकायला होता, आणि दुर्दैवाने त्यालाही ऑर्कुट येत होतं.

"परवा मी पाटलाच्या वर व्हतो," भीमसिंग म्हणाला. "एका रातीत खाली काहून गेलो? काय गुन्हा झाला माझा?"

प्रज्ञेशच्या डोळ्यांपुढे इंग्रजीचा पेपर नाचू लागला. माणूस अडचणीत सापडला की त्याला खोटं फार सफाईने सुचतं.

"नाईक, सत्काराचे फोटू ऑर्कुट आता घेतच न्हाई. फकस्त कामाचे घेतंय. जो शेवटपोत्तर दगड उचलंल, त्याचा फोटू शेवटी चढंल. म्हंजे सगळ्यात वर."

भीमसिंगने मोटार सुरू केली आणि धोतर खोचलं. बातमी पाटलांच्या ओट्यावर पोचायला वेळ लागला नाही. दुपारी दोघेही ओढ्यावर हजर झाले. दिवस कलला, पोरं थकून बसली, तरी दोघांपैकी एकही हलेना.

"पाटील, दमले असाल. जावा घरी."

"मला काय झालंय? तूच जाय. तुझे गुडघे दुखून राहिले व्हते ना?"

पाटलांनी एक दगड उचलला की भीमसिंग दोन उचलायचा. एकदा पाटील घरी गेल्याचं सोंग करून बाभळीमागे दबा धरून बसले आणि भीमसिंगने पाठ फिरवताच शेवटच्या फोटोला दगड घेऊन हजर झाले. मग आपला माणूस खाली जाऊ नये म्हणून पाटलांचे भाऊबंद आले, भीमसिंगचा अख्खा तांडा आला. पोरांना दगडाला हात लावायला मिळेना. बंधारा समारोपाच्या आदल्या दिवशीच पुरा झाला.

समारोपाला विद्यापीठाचे अधिकारी आले. खातं ते आधीच बघून आले होते.

"बंधारा उत्तम आहे," ते भर सभेत म्हणाले. "पण फोटोंत सगळीकडे सरपंच आणि उपसरपंच. विद्यार्थ्यांनी काय केलं?"

पाटील उठले.

"पोरांनी लई काम केलं, साहेब. फकस्त हे एक पोरगं सोडून." त्यांनी सरळ प्रज्ञेशकडे बोट दाखवलं. "यानं एक खडा उचलला न्हाई. नुसता कॅमेरा घेऊन हिंडत व्हता."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून प्रज्ञेशकडे पाहिलं. सगळं खरंच होतं. तेवढ्यात भीमसिंग उभा राहिला. प्रज्ञेशबद्दल त्याला विशेष माया होती असं नाही, पण पाटलांचं बोलणं खरं ठरू देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"साफ झूट! या पोरानं सारं गाव कामाला लावलं. बंधारा यानंच बांधला म्हणा! याला दहाच्या दहा गुण भेटले पायजेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या भीमसिंगला पडतायत हे पाटलांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा उठले.

"दहा काहून? गाव आमचं, बंधारा आमचा. पंधरा द्या!"

"वीस!" भीमसिंग ओरडला.

"अहो, नियमाने दहाच देता येतात! दिले, दहा दिले!" अधिकारी हात जोडून सांगत होते, पण ऐकतो कोण? निदान आभार तरी मानावेत म्हणून प्रज्ञेश उठू लागला, तसा सरांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढला.

"गप बस बाबा," ते त्याच्या कानात म्हणाले. "आता उठलास, तर हे दोघं तुला माझ्याच जागेवर नेमतील."