डॉलीची लोकर

बराबर दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. मी घड्याळ धरून डॉलीच्या धापा मोजत होते, म्हणून वेळ पक्की ठाऊक. अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना, शिरड शहापूरचं ऊन, आणि माझ्यापुढे जीभ काढून बसलेला पांढऱ्याशुभ्र केसांचा गोळा!

डॉली आमची नव्हे. अंगणवाडीच्या मोठ्या बाई, निर्मलाबाई, यांची ती पामेरियन कुत्री. बाई चार दिवस लग्नाला जाताना तिला माझ्याकडे सोडून गेल्या. "तू लेकराला किती जपतेस ते पाहिलंय मी," म्हणाल्या. (खरं आहे. आमची दोन वर्षांची रागिणी एकदा शिंकली की मी तिला तीन झबली चढवते.) अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती, मी सातवी पास, आणि नाव बाईच पाठवणार होत्या. ती जागा मला हवी होती हो, फार हवी होती!

बाईंनी सगळी माहिती सांगितली. स्वभाव हट्टी, जीव एवढासा, पण माज वाघाचा. दात नाजूक, गळा नाजूक, ऊन सोसत नाही. पूर्वज थंड मुलखातले, मेंढरं राखणारे. हे ऐकून आमचे सासरे ज्ञानबामामा हसून हसून खालीच बसले.

"मेंढरं? ही? आमचं मेंढरू हिला गवत समजून चरून टाकंल!"

मी मात्र वही केली. 'सकाळी सात: एकदा शिंकली. सात वाजून पाच: परत शिंकली नाही.' असं चार दिवस.

तर चौथ्या दिवशी, दोन चाळीसला, मी म्हणाले, "मामा, पोटाखालचे थोडे केस काढता का? गरम होऊन राहिलं बिचारीला." (थोडे म्हणाले होते. देवाशप्पथ थोडे!)

मामा सकाळपासून मेंढरं भादरत होते, कातर हातातच. मेंढराचे धरतात तसे मी डॉलीचे पाय धरले. पोट झालं. मग डावी बाजू जास्त गेली म्हणून उजवी. उजवी खोल गेली म्हणून पाठ.

"मामा, बास!"

"बास कशी? अर्धं भादरलेलं जनावर बरं दिसतं व्हय?"

दहा मिनिटांत इकडे लोकर, तिकडे डॉली. लोकरीचा ढीग मोठा होता. शेपटीचा गोंडा मी ओरडून वाचवला, त्यानं ती आणखीच वाईट दिसली.

सासूबाई पंचफुलाबाई बाहेर आल्या. "हे कुणाचं पिल्लू आणलं गं?"

"आत्या, डॉली हाय."

"मग इतके दिवस आपण काय सांभाळून राहिलो व्हतो?"

बाई तीनच्या एस.टी.नं येणार. जागा गेली! मी धावत जाऊन रागिणीचं झबलं डॉलीला घातलं, डोक्याला टोपडं बांधलं.

"काजळ बी लाव, काहून सोडतीस?" सासूबाई म्हणाल्या.

(मी काजळाची डबी घेऊन आले. हसू नका. त्या वेळी पटलं होतं.)

तेवढ्यात डॉली सुटली. अंग हलकं झालेलं, झबल्यासकट थेट मेंढरांत! भुंकून भुंकून तिनं चाळीस मेंढरं एका कोपऱ्यात कोंबली. मामांच्या हातातली कातर खाली पडली. आणि फाटकात निर्मलाबाई!

"अगं, मेंढरांत कुणाचं लेकरू रांगतंय? उचला त्याला!"

"बाई... लेकरू न्हाई. तुमचीच हाय."

टोपडं घसरलं. बाई मटकन बाजेवर बसल्या. मामा पुढं झाले. "माझी चूक हाय, बाई. माझाच हात सुटला."

गप्प बसले असते तर चाललं असतं. पण वही मी बाईंच्या हातात दिली. त्यात लिहिलेलं होतं, 'दोन चाळीस: केस मीच काढायला सांगितले. मामांची चूक नाही. भीती वाटते.' सोबत केसांची पिशवी दिली. "सगळे हायेत, बाई. एक बी ठेवून घेतला न्हाई."

बाई पान उलटत गेल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. रडून राहिल्या असं वाटून मीही रडायला लागले. तर त्या हसत होत्या!

"अगं वेडे, ते केसच तिचं ऊन अडवतात. सावली अन् पाणी पुरे होतं. कापले तर पुन्हा नीट येतीलच असं नाही." मग डोळे पुसून म्हणाल्या, "लेकरांची वजनं लिहायला मला असंच खरं लिहिणारं माणूस पाहिजे. कुत्री मात्र तुला पुन्हा देणार नाही."

जूनमध्ये मी कामावर गेले. नवं लुगडं नेसून. पहिल्याच दिवशी बघते तर एकूण एक लेकरू डोक्याला रुमाल गच्च बांधून आलेलं. दारात चंदाबाई आपल्या पोराला बजावून राहिली होती, "कितीबी गरम झालं तरी नव्या बाईपुढं बोलू नगंस!"

तेव्हा वाचणाऱ्यांना विनंती. पामेरियनवाले भेटले तर केस कापू नका म्हणून सांगा. आणि शिरडच्या आया भेटल्या तर एवढंच सांगा की कातर मामांकडे असते, मी फक्त सुकडी वाढते.