समुद्राचा ताप

ज्या वर्षी श्रावण दोनदा आला, त्याच वर्षी वैशाखात सिद्धाप्पाच्या नातीचं, सोनालीचं लग्न झालं. सोलापूरच्या कॉलेजात शिकलेली ही पोर सासरी जाताना रडली नाही; आजोबाला समुद्र समजावत बसली.

"आज्जा, लांबच्या एका समुद्राचं पानी दर काही वर्सांनी तापतंय. यंदा तापाय लागलंय."

"तितं तापलं तर हितलं ढग का रुसत्यात?"

"चुलीवरची हवा कशी वर चढती? तशी तितं चढती. ढग तिकडंच गोळा व्हत्यात, आन आपल्याकडचा वारा नरम पडतो. ते पानी गार झालं की हितं पाऊस वाढतो."

सिद्धाप्पा दरवर्षी बिरोबाच्या देवळापुढं पावसाची भाकणूक सांगायचा. पडेल, पण वारा आहे, असं म्हटलं की कुणी नाराज होत नसे. या खेपेला मात्र मेंढरांचा जीव त्याच्या जिभेवर होता. त्यानं सरळ सांगून टाकलं, "लांबच्या समुद्राला ताप भरलाय. पाऊस कमी. कळप आत्ताच नदीकाठाला हलवा."

हलायचं कुणाच्याच मनात नव्हतं. "कुठला समुद्र, मामा?" कळपवाल्या बिरप्पानं विचारलं.

"मुंबईच्या लई पल्याडचा."

"पल्याड दुबई हाय की! भाचा हाय माजा तितं." त्यानं तिथल्या तिथं फोन लावला. "व्हय, लई गरम हाय म्हनतोय!"

समुद्राच्या आजाराबद्दल मग शंकाच उरली नाही.

"ताप हाय तर उतरवू की," शेजारची निंगव्वा म्हणाली. "लेकराला गार पान्याच्या घड्या घालतोच न्हवं? ओढा नदीला जातोय, नदी समुद्राला. वता हितंच!"

सिद्धाप्पा "आगं, तसं न्हाय" म्हणेपर्यंत बायांनी हळदकुंकू वाहून मेंढरांचा हौद घागरी-घागरीनं ओढ्यात रिकामा केला. कोरड्या ओढ्यानं ते पाणी पहिल्या वळणापर्यंतही जाऊ दिलं नाही.

सांजेला मेंढरं परतली आणि कोरड्या हौदात तोंड घालून ओरडू लागली. टँकर कधी येईल, कुणाला ठाऊक नव्हतं.

"अवो," सिद्धाप्पाची बायको गोजाबाई त्याच्यावर करवादली, "पाऊस जायच्या आधीच तुमी पानी घालवलं की!"

बिरप्पानं मात्र हात जोडले. "सकाळी बोलला, सांजंला खरं झालं, मामा!"

पाण्यासाठी त्याच संध्याकाळी सगळे कळप भीमेकाठी निघाले. श्रावण दोनदा आला, पाऊस एकदाही धड आला नाही. मेंढरं तेवढी वाचली.

पुढच्या वर्षी तो समुद्र निवला आणि ओढ्याला पूर आला.

"आपलं पानी पोचलं बगा, मामा!" निंगव्वा म्हणाली.

खरं काय ते सिद्धाप्पाच्या ओठांवर आलं होतं. त्यानं गिळलं.

"पोचलं," तो म्हणाला. "पन ताप परत येनार हाय. तवा वतत बसू नगा. आदी निगा."

त्याच साली, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, सिद्धाप्पा वारला; तीच त्याची शेवटची भाकणूक ठरली.