श्री. स्टेनस्रुड यांच्या उजव्या खिशाची संभाव्य झीज

हॉकस्टॅड काउंटीच्या रस्ते खात्यातील फलक-मदतनीस श्री. ऑरविल स्टेनस्रुड यांच्या सरकारी पँटच्या उजव्या खिशाची कड दिनांक चार मार्च रोजी विरलेल्या अवस्थेत आढळून आली. आढळली ती ऑरविललाच, कारण पँट त्याच्याच अंगात होती.

विरण्याचं कारणही जागेवरच सापडलं. घडीच्या चाकूची क्लिप. अमेरिकेच्या उत्तर डकोटातला पुरुष घराबाहेर पडताना एक वेळ कवळी विसरेल, पण चाकू विसरणार नाही. चाकू खिशात आणि क्लिप बाहेर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी. ‘चाकू आहे का रे कुणाकडे?’ असा नुसता प्रश्न आला की सात-आठ हात एकदम उजव्या खिशाकडे जातात. ज्याचा जात नाही, त्याची लोक हळू आवाजात चौकशी करतात. हे चाकू जंगली जनावरं, उलटलेल्या गाड्यांमधले अडकलेले पट्टे अशा जिवावरच्या प्रसंगांसाठी घेतलेले असतात. प्रत्यक्षात त्यांनी पार्सलं उघडली जातात, आणि दुपारी सॉसेज कापलं जातं.

ऑरविलचं थोडं वेगळं होतं. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या उजव्या खिशात चपटी बाटली असे. ती सुटली, पण हाताची सवय सुटेना. दिवसातून पन्नासदा हात खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई. तेव्हा त्याच्या मुलीने, जनेलने, त्याला हा चाकू आणून दिला. “हात जाणारच असेल तर जाऊ दे, बाबा. तिथे हा असू दे,” एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून नऊ वर्षं त्याचा अंगठा त्या क्लिपवरून फिरत होता. खिसा विरला त्यात नवल नव्हतं. माणूस टिकला, हेच पुष्कळ होतं.

ऑरविलने स्वतःच्या परीने उपाय केले होते. क्लिपचं टोक किंचित वर वाकवलं होतं, तिच्याखालचा खरखरीत भाग पॉलिश पेपरने गुळगुळीत केला होता. आता खिशाच्या आतून इंचभर चामडं चिकटवलं की काम झालं असतं. घरी बसून दहा मिनिटांचं काम. पण पँट काउंटीची होती आणि ऑरविल नाकासमोर चालणारा. त्याने परवानगी मागितली. या सगळ्या प्रकरणात चूक म्हणावी अशी तेवढीच झाली.

भांडार विभागात मार्लिस वीस वर्षं एकाच खुर्चीत होती. दोघं शाळेत एका वर्गातली.

“पँट कुणाची?” तिने विचारलं.

“काउंटीची.”

“चाकू?”

“माझा.”

“आणि भोक?”

“भोक अजून पडलं नाहीये, मार्लिस. पडू नये म्हणून तर आलोय.”

मार्लिसने चष्मा काढला. “मग कसं व्हायचं? अर्ज भोकाचा आहे. भोक पडणार असल्याचा अर्जच नाही आपल्याकडे. तू असं कर ना, थोडं मोठं करून आण. उद्या लगेच नवी पँट देते.”

“म्हणजे मी मुद्दाम फाडू?”

“मी फाड म्हटलं का? मी म्हटलं, मोठं करून आण. तू पण ना, ऑरविल, काहीतरी तोंडी घालतोस माझ्या.”

ऑरविल ऐकेना, तेव्हा तिला त्याची दया आली. तिने ‘संभाव्य झीज’ असा नवा मथळा तयार केला, त्याखाली ऑरविलचं नाव लिहिलं आणि कागद सुरक्षा विभागाकडे पाठवला. मार्लिस मनाने फार चांगली होती. चांगल्या माणसांनी पाठवलेले कागदच सर्वांत लांब जातात.

सुरक्षा अधिकारी ट्रेंट कोलबेक वयाने तिशीतला आणि उत्साही. तो भिंग आणि मोजपट्टी घेऊन आला आणि खात्यातल्या एकेचाळीस माणसांचे खिसे त्याने तपासले. लोकांनी हौसेने दाखवले. चाकूही दाखवले, मुठींची लाकडं कुठली तेही सांगितलं. अडतीस खिसे विरलेले निघाले. म्हणजे खासगी मालकीच्या हत्यारांनी सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान करणारे अडतीस कर्मचारी एकाच खात्यात आढळले.

“घाबरू नका,” ट्रेंट म्हणाला. “चाकू काउंटीच्या नावावर करून टाका. मग काउंटीच काउंटीचं नुकसान करतेय. त्यात गुन्हा कसला?”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अडतीस जणांनी रांगेत उभं राहून सह्या केल्या. ऑरविलने खालचं वरचं सगळं वाचलं, पण त्याच्यामागे अकरा जण उभे होते आणि कुणाचा खोळंबा करणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

चाकू काउंटीचे झाले आणि म्हणून अवजारांच्या कपाटात गेले. कपाटाला कुलूप आलं. चाकू हवा असल्यास काय कापायचं, ते किती लांब आहे आणि हाताने तुटणार नाही याची खात्री केली आहे काय, हे लिहून देणं आलं. झिजेचं मूळ कारण क्लिप, म्हणून चाकू देताना क्लिप काढून दिली जाऊ लागली. बिनक्लिपचा चाकू खिशाच्या तळाशी जाऊन बसे, त्यामुळे महिन्याभरात खिशांचे तळ गेले. कड मात्र शाबूत राहिली, आणि ट्रेंटने अहवालात कडेच्या झिजेत शंभर टक्के घट नोंदवली.

तळांचा विचार करायला राजधानीतून एक सल्लागार बाई आल्या. त्या दोन दिवस राहिल्या आणि निष्कर्ष देऊन गेल्या, की झिजलेल्या प्रत्येक खिशात पूर्वी काही ना काही ठेवलेलं होतं. वापर आणि झीज यांचा संबंध अशा रीतीने सिद्ध झाल्यावर खिसे शिवून टाकण्यात आले. शिवण मजबूत होती. एप्रिलमध्येही तिकडे बोटं गारठतात, तेव्हा माणसं काखेत हात घालून रस्त्यावर उभी राहू लागली आणि येणाऱ्या गाड्यांना वाटे, खातं कशावर तरी रुसलं आहे.

ऑरविलचा हात शिवणीवरून फिरे. पन्नासदा जाई, पन्नासदा परत येई. एकदा फलक रंगवताना हात मध्येच शिवणीकडे गेला आणि ‘हळू चालवा’मधला ‘ळ’ रस्त्यावर सांडला. त्याला भीती वाटत होती, साधी, बाटलीची भीती, आणि ती सांगायची पद्धत त्या गावात नव्हती. तिकडे एखाद्याचं घर पेटलं तरी तो ‘थोडं उबदार झालंय खरं’ असं म्हणतो.

मग मेमध्ये नोटीस लागली. खिसे बंद झाल्याने चाकू ठेवण्यास जागा नाही. सबब अडतीस चाकू निरुपयोगी मालमत्ता ठरवून भट्टीत देण्यात यावेत. गुरुवारी जाहीर सभा, विषय क्रमांक सतरा, सूचना व हरकतींचं स्वागत.

ऑरविलने हरकत घ्यायचं ठरवलं. न्हाणीघराच्या आरशासमोर त्याने तीन वाक्यं पाठ केली. तिसऱ्या वाक्यात बाटली येत होती.

सभेला सगळं गाव होतं, कारण सभेनंतर कॉफी आणि रूबार्ब नावाच्या आंबट देठांच्या वड्या होत्या. सोळा विषय संपेपर्यंत कॉफीचा वास सभागृहभर झाला. अध्यक्षा बाई, इनगा फॉसम, यांनी सतरावा विषय वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. “कुणाची हरकत?”

ऑरविल उभा राहिला. खुर्ची करकरली. दीडशे माणसं वळली: पाद्री, दाताचा डॉक्टर, मार्लिस, पलीकडच्या गल्लीतली सगळी.

“बोला ना, ऑरविल.”

“मला... माझा चाकू परत मिळाला तर बरं होईल.”

“कशासाठी हवाय? काही कापायचंय का?”

“नाही. कापायचं असं काही नाही.”

“मग?”

मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, वड्या गार होतायत.” लोक हसले, वाईट मनाने नाही.

“ऑरविल, कारण द्यावं लागतं हो,” ट्रेंट समजुतीने म्हणाला. “रकाना आहे तसा. ‘कापणे’ किंवा ‘इतर’. इतर असेल तर थोडक्यात सांगा, मी लिहून घेतो.”

ऑरविलने तिसरं वाक्य जिभेवर आणलं. समोर दीडशे ओळखीचे चेहरे होते, आणि प्रत्येकाला कॉफी हवी होती.

“काही नाही,” तो म्हणाला. “आपलं सहज विचारलं. चालू द्या तुमचं.” आणि तो खाली बसला.

“किती समजूतदार माणूस!” अध्यक्षा बाई म्हणाल्या. त्यांना ते मनापासून वाटलं होतं. “ठरावाच्या बाजूने कोण?”

हात वर झाले. दीडशेच्या दीडशे. आपला एकट्याचाच हात खाली आहे आणि त्यामुळे सगळे थांबले आहेत, हे ऑरविलच्या लक्षात आलं. शेजारी बसलेल्या पाद्रीने त्याला प्रेमाने कोपराने ढोसलं. ऑरविलने हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि वड्या अजून गरम होत्या.

हसलात, तर काही बिघडलं नाही. पण सवड झाली की तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त काढून बघा. शेवटून दुसरा विषय, चहाच्या जरा आधीचा. कुणीतरी उभं राहिलं होतं, मग ‘असू दे’ म्हणून खाली बसलं होतं. खाली ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलेलं सापडेल, आणि त्या एकमतात तुम्ही आहात. त्या माणसाला काय म्हणायचं होतं, हे कुणी विचारल्याची नोंद मात्र त्यात नाही.