गरीब दिसण्याची तालीम

जनामावशी बायकांना गरीब दिसायला शिकवायची. त्या गरीबच होत्या, पण मावशीच्या मते तेवढ्यानं भागत नसे.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या गल्लीत ती हार करून विकायची. नव्वदच्या दशकात, निराधारांना सरकार दरमहा अनुदान देतं हे गल्लीला तिनंच सांगितलं. अर्ज तपासणाऱ्या कमिटीसमोर जायच्या आदल्या दुपारी म्हाताऱ्या विधवा तिच्या ओट्यावर जमत. मावशी साहेब व्हायची.

"काय खाल्लं सकाळी?"

"भाकर अन् वांग्याचं भरीत," एखादी भाबडेपणानं सांगायची.

"भरीत? नामंजूर! चल, दुसरी ये."

केसांना तेल नको, चांगलं लुगडं नको. रखमाबाईचे दोनच दात उरले होते, तिलाही ताकीद होती, "तोंड मिटून बस. दात दिसले तं म्हणतील, हिला चावता येतंय."

मी नवी सून, लिहिता येणारी, म्हणून अर्ज भरायला तिनं मला धरलं होतं. एकदा मी विचारलं, "मावशी, हे खोटं नाही का?"

"खोटं काय त्यात? उपाशी हायेत त्या. साहेबाला दिसत नाय, म्हणून दाखवायचं."

पलीकडच्या गल्लीतली एक धडधाकट बाई पुढाऱ्याच्या ओळखीनं मंजूर झाली आणि आंधळी काशीबाई राहून गेली, तेव्हा मावशी कचेरीच्या दारात आडवी झाली. शिपाई विनवत होता, लोक तिला ओलांडून जात होते. काशीबाईचं काम झाल्यावरच ती उठली.

पुढं संधिवातानं तिचीच बोटं वाकडी झाली. सुईत दोरा जाईना. हार बंद, चूलही एकवेळ. बायकांनी तिला बळेच अर्ज करायला लावला.

अडचण एकच होती. तिला मुलगा होता, सुरेश. ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो परत आलाच नाही. सुरतेकडं संसार थाटलाय असं कोणी कोणी सांगे. पण कमावता मुलगा असला की नियमानं आई निराधार ठरत नसे. मुलगा आहे आणि तरी नाही, अशा बाईसाठी सरकारकडं रकाना नव्हता.

मी सोबत गेले. साहेब भले होते. "आजी, मुलगा सांभाळत नाही एवढं म्हणा आणि अंगठा द्या. पुढचं मी बघतो."

मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं पदर सारखा केला.

"सांभाळतो की. लय गुणी हाय माझा सुऱ्या."

"पैसे पाठवतो?"

"पाठवतो."

"भेटायला येतो?"

"येतो ना. दिवाळीला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी चिडले. "सगळ्यांना शिकवलंस आणि स्वतःच्या वेळी असं का केलंस?"

ती पायरीवर टेकली. "पोरी, कागदावर लिवलं का ते ऱ्हातं. उद्या पोरगा आला अन् कोणी त्याला वाचून दाखवलं तं? आईनंच असं लिवलं म्हणून दारातून माघारी जाईल तो."

त्यानंतर कोणी तिच्यापुढं अर्जाचा विषय काढला नाही. अनुदानवाल्या बायका पाळीपाळीनं तिला भाकरी देत. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी ती उठलीच नाही.

सुरेशचा पत्ता कोणाकडंच नव्हता. पुरुष मंडळी घाई करू लागली, पण बायका दारातून हलेनात. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला उचलू दिलं नाही.

"थांबा," त्या म्हणत होत्या, "पोरगा यायचा हाय तिचा."