डाव्या खांद्याखालची खाज

बायको जाऊन आठ महिने झाले, तेव्हा कुठे घड्याळजींनी तिनं आजारपणात विणलेला शेवटचा स्वेटर अंगात घातला. एवढाच काय तो गुन्हा!

दुकानात बसले, डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात बारीक स्प्रिंग धरली, आणि डाव्या खांद्याखाली, जिथं स्वतःचा हात काही केल्या पोचत नाही नेमकं तिथं, सुळसुळलं. घड्याळजी टुणकन उडाले. स्प्रिंगही उडाली. (ती अजून सापडायची आहे. गिऱ्हाईक रोज विचारून जातं.)

पूर्वी असं झालं की बायको हातातलं काम टाकून यायची. "इथं?" "जरा वर. हां!" आता काय, दाराच्या चौकटीला पाठ घासायची.

"बाबा, स्वेटर टोचत असेल," मुलगी म्हणाली.

"आईच्या विणकामाला नावं ठेवू नकोस!"

मग त्यांनी साबण बदलला, गादी उन्हात टाकली, पलंगावर उकळतं पाणी ओतलं. ढेकूण एकही निघाला नाही, पलंगाचा पाय तेवढा निघाला. मुलीनं हात टेकले. "आता डॉक्टरकडे चला, नाहीतर मी हा स्वेटर देऊन टाकते."

घड्याळजी मुकाट्यानं गेले.

"काहीतरी अगदी हलकं लागतंय," डॉक्टर म्हणाले. "घट्ट दाबलं तर त्वचा त्याला स्पर्श म्हणते. हलकं लागलं तर किडा समजून खाजवायला लावते. एरवी पाठीच्या कण्यातल्या काही पेशी असले निरोप अडवतात. वय झालं की त्या पेंगतात."

"म्हणजे माझा पहारेकरी झोपलाय?"

"असंच समजा."

घरी येऊन त्यांनी स्वेटर टेबलावर पसरला, भिंग लावलं आणि टाका न् टाका तपासला. सापडला! लोकरीत विणला गेलेला एक केस. विजयानं त्यांनी चिमट्यानं तो ओढून काढला आणि उजेडात धरला.

अर्धा पांढरा, अर्धा काळा. औषधांनी तिचे केस पुंजक्यांनी गळत होते तेव्हाचा. तेव्हा घड्याळजींनी ते सगळे झाडून टाकले होते, तिला दिसू नयेत म्हणून. एकसुद्धा ठेवला नव्हता.

ते ढसाढसा रडले. मग नाक पुसून कामाला लागले. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं जुळवणाऱ्या त्या हातांनी दोन तास खपून तो केस पुन्हा त्याच टाक्यात ओवला.

स्वेटर घालून खुर्चीत बसले. वाट पाहिली. खांदा हलवून पाहिला. काहीच नाही.

"गेली गं," ते मुलीला म्हणाले. "खाजसुद्धा गेली." आणि पुन्हा डोळे भरून आले.

मुलीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. तिचेही डोळे ओलेच होते.

"बाबा," ती म्हणाली, "स्वेटर उलटा घातलाय तुम्ही."